ऑर्किडच्या कळ्या आणि हापूसची पेटी

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी भेट मिळाली. ती फुलं सरल्यावर झाड नुसतं पानांवर होतं. यंदा डिसेंबरात दांडा निघाला, होळीपर्यंत नऊ कळ्या धरल्या, दोन उमलल्या. पाडव्याला घरी माणसं यायची होती म्हणून कुंडी खिडकीतून काढून जेवणाच्या टेबलावर मधोमध मांडली. पुढच्या आठ-दहा दिवसांत उरलेल्या सातही कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. पानं टवटवीत आहेत, मुळं हिरवी आहेत, कीड नाही, पाण्याचा वार चुकवलेला नाही. सगळं नीट असताना झाड आपल्याच कळ्या का टाकून देतं?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : पानं, मुळं, कीड आणि पाणी यांची झाडाझडती तुम्हीच घेऊन ठेवली आहे, तेव्हा मी सरळ टेबलाकडे वळतो. त्या टेबलावर आणखी काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाडव्याच्या सुमारास पुण्यातल्या घरात जेवणाच्या टेबलावर केळ्यांची फणी असतेच. रत्नागिरी-देवगडकडे कोणी ओळखीचं असलं, तर हापूसची पहिली पेटीसुद्धा टेबलाखालीच येऊन पडते. माझा पहिला संशय त्या पेटीवर आहे.

पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढाच त्याचा पसारा. त्याला रंग नाही, आणि घरात असतो तेवढ्या प्रमाणात वासही येत नाही. अढीत एक आंबा पिकू लागला की शेजारचे भराभर रंग धरतात ते याच वायूमुळे. पेंढ्यात झाकून आपण तोच कोंडून धरत असतो. बाजारातल्या रायपनिंग चेंबरमध्येही हेच चालतं. तिथे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. फॅलेनॉप्सिसच्या कळीला याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. दहा लाखांत एक भागापेक्षा कमी इथिलीन दोन-चार दिवस अंगावर आलं, तरी ती मान टाकते.

गळलेली एखादी कळी अजून कुंडीत पडलेली असेल, तर तिच्या देठाचं टोक जरा निरखून पाहा. मोडलेल्या काडीला असतात तसे तंतू त्याला नसतील. छोटा, वाटोळा, स्वच्छ वण दिसेल. कळी मोडली नाही, झाडाने ती सोडली, याची ती खूण. देठ जिथे दांड्याला जुळतो, तिथे बारीक पेशींचा एक पातळ थर असतो. कळी जोमात वाढते तोवर तिच्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठातून खाली उतरत राहतं, आणि तेवढ्या काळापुरता हा थर इथिलीनला दाद देत नाही. कळीची वाढ कशानेही अडखळली की ऑक्सिनचा ओघ आटतो. मग त्या थरातल्या पेशी एन्झाइम सोडतात, पेशींना पेशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, आणि धूळ झटकताना फडक्याचा नुसता स्पर्श झाला तरी कळी हातात येते.

आता तुमचा खरा प्रश्न : आपलीच कळी का टाकायची? फॅलेनॉप्सिस मूळचं झाडाच्या फांदीवर राहणारं. पायाखाली माती नाही. पाऊस पडेल तेव्हा साल भिजते, मुळं तेवढ्यात पिऊन घेतात, पुन्हा कोरडं. अशा जगण्यात पान ही वर्षानुवर्षं सांभाळायची ठेव आणि फूल हा हौसेचा खर्च. फूल आलं, परागीभवन झालं, तर बोंड पिकायला आणखी कित्येक महिने पोसावं लागतं. दिवस वाईट आहेत असा जरा सुगावा लागला, की झाड आधी हौस बंद करतं. त्यामुळे तुमची पानं टवटवीत आहेत यात विरोधाभास काही नाही. शिवाय ती जाड, मेणचट आणि पाण्याने भरलेली असतात. आज बसलेला फटका त्यांच्यावर दिसायला दोन-तीन महिने जातात. फॅलेनॉप्सिसची तब्येत पानांवरून ओळखायची सवय आपल्याला लागली आहे, पण पान फार उशिरा बोलतं. कळी लगेच सांगते.

एक पडताळा घेता येईल. उमललेली ती दोन फुलं एरवी दोन-अडीच महिने टिकायला हवी होती. तीही कळ्यांच्या मागोमाग मलूल होऊन पातळ, पारदर्शक दिसू लागली असतील, तर इथिलीनवरचा संशय पक्का समजा. फुलं धडधाकट आणि फक्त कळ्या गेल्या असतील, तर गुन्हेगार दुसरा कोणी असू शकेल. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी या वायूची थोडी कुळकथा सांगतो, कारण ती घरातल्या आणखी दोन-तीन गोष्टींकडे बोट दाखवते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत. जमिनीखालच्या नळ्या गळत, आणि त्या रस्त्यांवरच्या झाडांची पानं अवेळी झडत. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेत आडवी-तिडवी का वाढतात, याचा माग काढला आणि दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनला पकडलं. पिकणारं फळ स्वतःच हा वायू तयार करतं, हे रिचर्ड गेनने १९३४ साली इंग्लंडमध्ये सिद्ध केलं. पुढे गेल्या शतकाच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे ऑर्किड-बागायतदार हैराण झाले. काचघरातल्या कॅटलियांची बाहेरची दलं उमलता उमलता वाळून जात. शहरावर साचणाऱ्या मोटारींच्या धुरात इथिलीन होतं.

तेव्हा धूर म्हटला की हा वायू आलाच. अर्धवट जळणारी कोणतीही गोष्ट तो सोडते : देवघरातला धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, तळमजल्यावर राहत असाल तर पार्किंगमध्ये सुरू करून ठेवलेली गाडी. रोजच्या एका उदबत्तीने, खिडकी उघडी असताना, काही होणार नाही. देवघर आणि ऑर्किड एकाच बंद खोलीत असतील तर मात्र कुंडी हलवा. गंमत अशी, की फिलिपिन्समधले शेतकरी पूर्वी आंब्याच्या झाडाखाली मुद्दाम ओल्या पाल्याचा धूर करत. धुरातल्या इथिलीनने आंब्याला लवकर मोहोर येतो. म्हणजे जो वायू आंब्याला मोहोर आणतो, तोच पुढे त्याचं फळ पिकवतो आणि तुमच्या टेबलावरची कळीही पाडतो.

पण सगळं खापर आंब्यावर फोडून मोकळं होता येणार नाही. कुंडी खिडकीतून टेबलावर आली, यात एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या. उजेड कमी झाला. आपल्या डोळ्यांना खिडकी आणि दहा फुटांवरचं टेबल सारखंच उजळ वाटतं, कारण डोळा जुळवून घेतो. झाडाला मिळणारा उजेड मात्र तेवढ्या अंतरात कित्येक पटींनी घटतो. सात कळ्या पोसायला साखर लागते आणि साखर उजेडातून येते. दुसरं, टेबलावर बहुधा पंख्याचा झोत थेट येतो. तिसरं, कळ्या ज्या दिशेच्या उजेडाशी जुळवून घेत होत्या, ती दिशाच फिरली. फॅलेनॉप्सिसची कळी वाढता वाढता देठावर अर्धा वळसा घेते. त्यामुळे उमलल्यावर ओठासारखी मधली पाकळी खाली येते. त्या काळात कुंडी फिरवत राहिलं तर फुलं वेडीवाकडी तोंडं करून उमलतात. दांडा दिसला की कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला मार्करने एक ठिपका द्यावा आणि पुसायला-पाणी घालायला उचललेली कुंडी तो ठिपका पाहून परत ठेवावी.

माझं स्पष्ट मत असं, की कळ्या असलेलं ऑर्किड कोणालाही दाखवायला नेऊ नये. पाहुण्यांना खिडकीपाशी न्यावं. शेवटची कळी उमलली की मग कुंडी टेबलावर आणा, टीपॉयवर ठेवा. उमललेलं फूल एवढं नाजूक नसतं. फळांची टोपली तेव्हाही लांबच.

मार्चमधल्या पुण्याच्या हवेचाही यात हात आहे. दुपारी आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली सहज उतरते. फॅलेनॉप्सिसच्या कळीला पन्नासच्या वर असली तर बरं. पानावर मेणाचा जाड थर असतो, कळीवर नसतो. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी वळवाच्या पावसाच्या आगेमागे फुलते, तेव्हा हवेत ओल आलेली असते. तुमच्या झाडाला मात्र कळ्या धरायला वर्षातला सगळ्यात कोरडा महिना मिळाला. त्यात एसी लावला असेल तर तो हवेतली उरलीसुरली ओलही ओढून घेतो, आणि तीही नेमकी रात्री. फॅलेनॉप्सिस आपली पर्णरंध्रं दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं, म्हणजे त्याचं पाणी उडायची वेळ रात्रीची. बेडरूममध्ये एसीखाली ठेवलेल्या ऑर्किडला दुहेरी फटका बसतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उलट फायद्याचा, फक्त त्याचा झोत थेट दांड्यावर नको. या बाबतीत नागपूर-अकोल्याकडचे वाचक आपल्यापेक्षा सुखी. कूलर नसेल तर पसरट ताटात खडे आणि पाणी भरून त्यावर कुंडी ठेवा, कुंडीचं बूड पाण्याला न टेकवता. आजूबाजूला आणखी चार पानांची झाडं मांडा. कळ्यांवर फवारा मारत बसू नका. रात्रभर पाणी बसलेल्या कळीवर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात.

कोणत्या कळ्या गेल्या, त्यावरूनही अंदाज बांधता येतो. सगळ्याच कळ्या आठवड्याभरात पिवळ्या पडल्या, तर हवेत काहीतरी बिघडलं : वायू, गार-गरम झोत, जागाबदल. टोकाच्या शेवटच्या दोन-तीन बारक्या कळ्याच वाळल्या, तर बहुधा उजेड आणि ताकद अपुरी पडली. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कळी वाकडी झाली, तिच्यावर ओरखडे किंवा चंदेरी डाग दिसले, तर पाकळ्यांच्या घडीत भिंग घालून पाहा. फुलकिडे जिऱ्यापेक्षा बारीक असतात आणि तिथेच दडतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढावा.

पाण्याचा वार तुम्ही चुकवत नाही, असं लिहिलंत. तो चुकवला तरी चालेल. वार पाहण्यापेक्षा मुळं पाहावीत. फॅलेनॉप्सिसच्या मुळांवर मेलेल्या, पोकळ पेशींचं स्पंजासारखं वेष्टन असतं. ते भिजलं की आतला हिरवा रंग दिसतो, सुकलं की मूळ चंदेरी पडतं. चंदेरी झालं की पाणी, हिरवं असेपर्यंत थांबायचं. डिसेंबरात दहा दिवस लागतील, एप्रिलात चार. बाहेरची शोभेची चिनीमातीची कुंडी पाणी घातल्यावर पंधरा मिनिटांनी रिकामी करायलाच हवी. पाणी कोणतं घालता, हे मात्र तुमच्या पत्रात नाही, आणि मार्च-एप्रिलात पुण्यातल्या सोसायट्यांत बोअर नाहीतर टँकरचं पाणी येतं. ते जड असतं. सालीच्या तुकड्यांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल तर क्षार साचलेत. मुळांची टोकं आधी त्यानेच करपतात. त्याहून वाईट म्हणजे आरओच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी. ते वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत झाडांना घालतात. हेतू चांगला, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. लादी पुसायला वापरा. ऑर्किडला एसीतून ठिबकणारं पाणी चालेल, पावसाचं साठवलेलं उत्तम. कळ्या आल्यावर खताचा मारा करायची गरज नाही. १९:१९:१९ देतच असाल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, दोन आठवड्यांनी एकदा.

दांडा यायला दोन वर्षं का लागली, याचं उत्तरही हवेतच आहे. थंड रात्री मिळाल्या की दांडा येतो, असा समज आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात मॅथ्यू ब्लँचर्ड आणि एरिक रंकल यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. दिवस २९ अंशांचा ठेवला तर रात्र कितीही गार करा, झाडं फारशी दांड्यावर येत नाहीत. दिवसाचं तापमानच २५-२६ अंशांच्या खाली काही आठवडे राहावं लागतं. पुण्यात बाहेर थंडीतही दुपार तापते, पण पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत हे तापमान मिळून जातं. आधीच्या वर्षी कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत होती का, आठवून पाहा. दांडा दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन-चार महिने लागतात, म्हणजे डिसेंबरचा दांडा मार्च-एप्रिलात फुलायचा, नेमका आंब्याच्या तोंडावर. हे वेळापत्रक तुम्ही बदलू शकणार नाही. आंब्याची पेटी बदलू शकता : ती पलीकडच्या खोलीत, दार लावून, खिडकी उघडी ठेवून.

आता काय करायचं? दांडा हिरवा असेल तर बुंध्यापासून कापू नका. खालून मोजत दुसऱ्या-तिसऱ्या पेरावर, पेराच्या बोटभर वर कापा. कात्री आधी ज्योतीवर तापवून घ्या. त्या पेरातून कधी नवी फांदी फुटून पुन्हा कळ्या येतात, कधी उन्हाच्या दिवसांत कळ्यांऐवजी पानं-मुळं असलेलं पिल्लूच फुटतं. दांडा तपकिरी होऊन वाळला तर मात्र तळापासून काढा आणि झाडाला पावसाळाभर पानं वाढवू द्या.

प्रश्न : ऑर्किडच्या कळ्यांच्या देठांवर आणि दांड्यावर पारदर्शक, चिकट थेंब येतात. चाखून पाहिलं तर गोड लागतात. हा रोग आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चाखून पाहणारा वाचक मला आवडला, पण औषध मारलेल्या झाडावर हा प्रयोग करू नका. थेंब स्वच्छ आणि सुटे असतील, आसपास कीड नसेल, तर तो झाडाचाच मधुरस आहे. फॅलेनॉप्सिस फुलाबाहेरही, देठांवर आणि दांड्यावर तो सोडतं. रोग नाही, कळ्यांना धोका नाही. धोका त्यावर येणाऱ्या मुंग्यांचा. मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकणांची राखण करतात, तेव्हा रांग लागली की पानांची खालची बाजू तपासा. पानांवरही चिकट चकाकी आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी दिसली, तर ते थेंब झाडाचे नाहीत, किडीचे आहेत. एरवी ओल्या फडक्याने पुसून टाकायचं.

प्रश्न : इथल्या दुकानातल्या ऑर्किडवर ‘आठवड्याला तीन बर्फाचे खडे घाला’ अशी चिठ्ठी असते. उष्ण प्रदेशातल्या झाडाला बर्फ? कळ्या गळतात त्या यामुळेच का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बर्फावर बालंट नको. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये बर्फ घातलेली आणि तेवढंच साधं पाणी घातलेली झाडं शेजारी ठेवून तपासली. फुलं टिकण्यात फरक पडला नाही, मुळांनाही इजा दिसली नाही. ही युक्ती मुळात जास्त पाणी घालणाऱ्यांचा हात आवरण्यासाठी आहे. खडा पानांच्या बेचक्यात न ठेवता सालीवर ठेवलात, म्हणजे झालं. तुमच्याकडे कळ्या गळण्याची कारणं दुसरी. जानेवारीत दुकानातून गाडीपर्यंत गोठत्या हवेतून उघडी कुंडी नेली, तर तेवढी दोन मिनिटं पुरतात. कागदात पूर्ण गुंडाळून, आधी तापवलेल्या गाडीत ठेवावी. घरी आल्यावर हीटिंगची जाळी कुठे आहे ते पाहा. तिच्यावरून येणारी गरम हवा आमच्या मार्चपेक्षाही कोरडी असते. आणि किचन आयलंडवर सफरचंदांच्या टोपलीशेजारी कुंडी ठेवली असेल, तर पहिलं उत्तर पुन्हा वाचा.